दहा वर्षांनंतरचं औषधाचं पाकीट आज कसं बनवायचं

आमच्याकडं बेळगावात नवीन सेवेची गोष्ट निघाली की पहिलं वाक्य ठरलेलं, "एक ॲप काढूया." आणि तिथंच विचार अडकतो, कारण मग बटणं कुठं ठेवायची यावरच वाद चालू होतो आणि ज्या बाईला ती सेवा वापरायचीय ती बाजूलाच राहते. म्हणून मी आता उलटं करतो. सेवा दहा वर्षांपासून चालू आहे असं धरायचं आणि त्या काळातली एक साधी वस्तू, म्हणजे पावती, तिकीट, चिठ्ठी, तक्रारअर्ज, असलं काहीतरी आजच बनवून माणसाच्या हातात द्यायचं.

याला डिझाइन फिक्शन म्हणतात, ब्रूस स्टर्लिंग या विज्ञानकथा लेखकानं २००५ मध्ये हा शब्द वापरला. वस्तू का बनवायची हे मला अनब जैन यांच्या कामावरून पटलं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत शिकलेल्या या बाईंनी लंडनमध्ये सुपरफ्लक्स नावाचा स्टुडिओ काढला, आणि संयुक्त अरब अमिरातीतल्या ऊर्जेच्या कामासाठी त्यांनी पुढच्या वर्षांतली प्रदूषित हवा तयार करून अधिकाऱ्यांना हुंगायलाच दिली. आकडे माणूस वाचून विसरतो, पण नाकात गेलेली हवा कशी विसरणार?

सुरुवात एका माणसापासून आणि एका दुपारपासून करा. "ग्रामीण रुग्ण" असं काही लिहू नका, त्यातून काही सुचत नाही. आम्ही घेतली चंदगडकडची एक आजी, साल २०३६, शिनोळीवरून एसटीनं बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात आलेली. डॉक्टरांचा कागद इंग्रजीत, बाहेरचा बोर्ड कन्नडमध्ये, आजीला वाचता येत असेल तर मराठी, आणि मुलगा कामाला गोव्यात. एक पान गोष्ट लिहा, जास्त नको. पण त्यात काहीतरी बिघडलंच पाहिजे हे लक्षात ठेवा. पाऊस लागलाय, लाईट गेलीय, फोनची बॅटरी संपलीय, आणि आजीला कळत नाहीये की पांढरी गोळी जेवणाआधी का नंतर. सगळं सुरळीत चाललेली गोष्ट म्हणजे जाहिरात झाली, तिच्यातून सेवेबद्दल काही शिकता येत नाही.

मग गोष्टीतली एकच वस्तू उचला. आमची होती बोलणारं औषधाचं पाकीट, दाबलं की डोस सांगणारं. झेरॉक्सच्या दुकानातून जाड कागदावर छापून घेतलं, घडी घातली, डिंक लावला, झालं. खरा विचार पुढच्या बाजूला नसतो बरं का, तो मागच्या बारीक अक्षरात असतो. तिथं लिहायला बसलात की प्रश्न अंगावर येतात: आवाज बंद पडला तर कुणाकडं जायचं, पैसे कोण भरतंय, आजीनं पाकीट किती वेळा दाबलं हे दवाखान्याला कळतं का, भाषा मराठी लिहिली पण कुठली मराठी, पुण्याची का चंदगडची? आम्ही दोन संध्याकाळी त्या चार ओळींवरच घालवल्या आणि त्या वाया गेल्या असं मला अजिबात वाटत नाही.

आता ते चालवून बघायचं. मशीन नसलं तरी चालतं, पडद्यामागं माणूस बसवा. १९८० च्या दशकात आयबीएमवाल्यांनी बोललेलं टाइप करणारं यंत्र असंच तपासलं होतं, माणूस माइकमध्ये बोलायचा आणि दुसऱ्या खोलीतली टायपिस्ट ते टाइप करायची. पामपायलट हा खिशात मावणारा छोटा संगणक यायच्या आधी तो बनवणारे जेफ हॉकिन्स तर लाकडाचा ठोकळाच खिशात घालून फिरायचे, वापरायची वेळ आली की तोच बाहेर काढायचे. आम्ही गल्लीतल्या महिला मंडळाच्या खोलीत साडी बांधून पडदा केला, मागं कॉलेजची एक पोरगी बसवली, पुढं काकूंनी पाकीट दाबलं की तिनं बोलायचं.

"आवडलं का?" हे विचारू नका, लोक चांगलीच असतात, हो म्हणतात. "घरी हे कुठं ठेवाल?" "सून बघेल तर चालेल का?" असं विचारा आणि गप्प बसा. एका मावशीनं पाकीट दाबलं, ऐकलं आणि लगेच पदराखाली घेतलं. "बाळ, हे बसमध्ये पण असंच मोठ्यानं बोलणार काय? सगळ्या गाडीला कळंल की मला काय झालंय." आम्ही भाषेवर एवढं डोकं लावलेलं आणि लाजेचा विचार कुणीच केला नव्हता.

दोन गोष्टी मात्र कडक पाळा. खऱ्या दवाखान्याचं नाव किंवा सरकारी शिक्का छापू नका, प्रत्येक वस्तूवर मोठ्या अक्षरात "कल्पित" लिहा आणि काम झालं की सगळ्या प्रती मोजून परत घ्या. आणि खऱ्या आजारी माणसावर खऱ्या औषधासोबत हे कधीच करू नका, आम्ही पाकिटात शेंगदाणे घातले होते.

चांगल्या भविष्याच्या जोडीला वाईटही एक लिहा. आमचा दुसरा कागद म्हणजे २०३६ मधला तक्रारअर्ज, पाकिटानं चुकीच्या भाषेत डोस सांगितला म्हणून मुलानं गोव्यातून पाठवलेला. तो कुठल्या राज्याच्या ऑफिसात द्यायचा, आजी महाराष्ट्राची आणि दवाखाना कर्नाटकात, यावर तासभर बोलणं झालं आणि तो रकाना आम्ही मुद्दाम रिकामा ठेवलाय, पुढच्या बैठकीत लोकांकडूनच भरून घ्यायला.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळं फरक पडला ते कळत नाही. आमचं तिसरं पाकीट आता कानाला लावून ऐकायचंय, आणि पडद्यामागच्या पोरीची हळू आवाजात बोलायची प्रॅक्टिस चालू आहे.