चार पोरं, एक पिशवी आणि राणीची बाग

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात नणंदेची दोघं आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आली. माझी दोन धरून चार. एवढ्या उन्हात कुठे फिरवणार, म्हणून त्यांना मॉलमधल्या खेळघरात नेलं. तासाचं तिकीट काढलं, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “मोजे इथलेच घ्यावे लागतील.” तळव्याला रबराचे ठिपके असलेले चार जोड मोजे! मग तहान, मग मक्याचे दाणे, मग पिझ्झा. रिक्षाने घरी आलो तेव्हा दोन हजारांतले ऐंशी रुपये उरले होते. मोजे अजून कपाटात पडलेत.

त्या रात्री हिशेब मांडला तेव्हा कळलं की आत शिरायच्या तिकिटाला त्यामानाने कमीच गेले होते. भूक, तहान आणि पाय दुखले की सुरू होणारी कुरकुर, यांनीच पाकीट रिकामं केलं होतं. म्हणून आता आधी खाणं ठरवते, मग वेळ, आणि जागा सगळ्यात शेवटी.

सगळ्यात स्वस्त आणि भरपूर दिवस जातो तो राणीच्या बागेत. बुधवारी बाग बंद असते, हे आधी लक्षात ठेवा. रविवारी मेगाब्लॉक आणि गर्दी दोन्ही असतात. आम्ही शनिवारी जातो, आणि जाताना डोंबिवलीहून सुटणारीच लोकल धरतो, म्हणजे पोरांना बसायला मिळतं. लोकलचं अर्धं तिकीट पाच ते बारा वर्षांपर्यंत, पाचाच्या आतल्याला काहीच नाही. यांचा सीएसएमटीचा पास असतोच, त्यांचा खर्च शून्य. तुमच्या घरात कोणाचा पास असेल तर सहल त्याच मार्गावरची निवडा. हे इतकं साधं, पण मला सुचायला दोन उन्हाळे लागले.

बागेच्या तिकिटाची गंमत ऐका. मोठ्यांना 50 रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना 25. पण आई, बाबा आणि पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुलं असं कुटुंबाचं तिकीट 100 रुपयांना मिळतं. माझी मोठी तेरा वर्षांची, म्हणजे एरवी तिचे पूर्ण 50. मी एकटीने चौघांना नेलं तर 175 होतात. नवरा बरोबर आला तर आमचं चौघांचं 100 आणि भाचरांचे 50, एकूण 150. म्हणजे नवरा नेला की उलट पंचवीस रुपये वाचतात! हे ऐकल्यापासून ते कुरकुर न करता येतात.

आत शिरण्याआधी पोटं भरायची. भायखळा स्टेशनची जुनी दगडी इमारत आता छान केली आहे, 2022 साली तिला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. तिथेच बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं खायचं. पूर्वेला उतरून बाग चालत दहा मिनिटांवर, टॅक्सी लागत नाही. बाग उघडता उघडता पोचा, कारण ऊन चढलं की प्राणी सावली धरतात. पेंग्विन मात्र दुपारसाठी राखून ठेवा. तिथला गारवा फुकट मिळतो आणि पोरं तिथून हलायला तयार नसतात. आवारातला दगडी हत्तीही चुकवू नका. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तोच हा. बोटीचं तिकीट न काढता घारापुरीचा हत्ती बघितला, असं आमचा धाकटा सगळ्यांना सांगत सुटला होता.

आता पिशवी. आदल्या रात्री दोन बाटल्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवायच्या (काठोकाठ भरल्या तर तडकतात) आणि सकाळी जुन्या टॉवेलात गुंडाळायच्या. एका छोट्या बाटलीत पन्ह्याचा गोळा, साखर-वेलची घालूनच. पाण्यात ढवळला की झालं. थंड पेयाचा हट्ट निम्मा इथेच संपतो.

उरलेल्या निम्म्यासाठी मी निघतानाच प्रत्येकाच्या हातात पन्नासची नोट देते. उरेल ते त्याचं, संपलं तर मागायचं नाही. पहिल्याच वेळी भाच्याने गेटबाहेरचा फुगा घेतला आणि तो स्टेशनपर्यंतही टिकला नाही. पुढच्या वेळी तोच धाकट्याला समजावत होता, “थांब, आत्ता नको घेऊ.” माझे शंभर उपदेश फुकट गेले असते.

संध्याकाळची सहल हवी असेल तर गावदेवीचं मणिभवन आणि मग गिरगाव चौपाटी. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथे उतरत. प्रवेशाला पैसे नाहीत, आणि त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांचे बाहुल्यांचे छोटे देखावे मुलं काचेला नाक लावून बघतात. तिथून चौपाटी चालत. भेळ विकत घ्यायची नाही. कुरमुरे, फरसाण, चिरलेला कांदा, कैरी वेगवेगळ्या डब्यांत, चटणी बाटलीत आणि एक पातेलं. वाळूत बसून पोरंच कालवतात. कान्हेरीला पंधरा वर्षांखालच्यांना लेण्यांचं तिकीट नाही हे खरं, पण मे महिन्यात तो कातळ तापतो. ती सहल दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा.

एका ठिकाणी मात्र मी पैसे वाचवत नाही. दमलेल्या चार पोरांना भायखळ्याहून भरलेल्या गाडीत चढवणं माझ्याच्याने होत नाही. म्हणून सकाळी सीएसएमटीचंच रिटर्न काढते. परतताना भायखळा ते सीएसएमटी वेगळं तिकीट काढून उलटं जायचं, आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत खिडकी पकडायची. ठाणे येईपर्यंत चौघं एकमेकांच्या अंगावर झोपलेले असतात, आणि पिशवीतल्या उरलेल्या पुऱ्या आम्ही दोघं खातो.