जपानला जाताना घरचा एक्स्टेन्शन बोर्ड घ्या
टोकियोच्या पहिल्याच ऑफिस दौऱ्यात रात्री दोनला उठून फोन काढून लॅपटॉप लावत होते, अडॅप्टर एकच. तिथल्या सॉकेटला दोन चपट्या पिना लागतात, आपल्या गोल पिना जातच नाहीत.

आता असं करते:

१. घरातला छोटा एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत टाकायचा.
२. आपली तीन पिनांची वायर घेणारा जपानी अडॅप्टर इथूनच घ्यायचा. एकच पुरतो.
३. अडॅप्टर भिंतीत, बोर्ड अडॅप्टरमध्ये, बाकी सगळं बोर्डावर.

तिथे वीज १०० व्होल्टची. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा, '१००-२४०' असेल तरच लावा. इस्त्री, किटली मात्र घरीच ठेवा. अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही.