मांजरासाठी खेळणी निवडताना आणि त्याला खेळवताना : गोव्यातील घरांसाठी मार्गदर्शन

मांजराचे खेळणे ही मुळात शिकारीची तालीम असते. दबा धरणे, पाठलाग करणे, झडप घालणे, भक्ष्य पुढच्या पंज्यांत धरून मागच्या पायांनी ओरबाडणे, मानेचा चावा घेणे आणि शेवटी खाणे, असा तिचा क्रम आहे. म्हणून दुकानात खेळणे हातात घेतल्यावर त्याच्या रंगाकडे किंवा वेष्टनावरील गोंडस चित्राकडे न पाहता या क्रमातील नेमकी कोणती पायरी ते पुरी करणार आहे, हे आधी तपासावे. काठीला बांधलेले पीस पाठलाग आणि झडप या दोन गरजा भागवते. कापसाने गच्च भरलेली, मांजराला पोटाशी कवटाळता येईल एवढी लांबट कापडी उशी पकडण्याची आणि लाथा झाडण्याची हौस पुरवते. उंदराएवढा हलका चेंडू फरशीवर सुसाट पळतो, पण तो दातांत धरता आला नाही तर मांजराचा हिरमोड होतो. बॅटरीवर एकाच वर्तुळात फिरत राहणारे प्लास्टिकचे फुलपाखरू मात्र यांपैकी फारसे काही करीत नाही. पुढची हालचाल काय असेल हे मांजराला लवकरच कळून चुकते आणि ते त्याकडे पाठ फिरवून झोपी जाते. माझ्या मते अशा महागड्या यंत्रांवर खर्च करण्यापूर्वी एक साधी काठी, हातभर सुती दोरी आणि कापडाची एक चिंधी घेऊन पाहावे.

गोव्यात हा विषय दोन प्रकारच्या घरांसाठी वेगवेगळा ठरतो. पणजी, पर्वरी, मडगाव किंवा फोंड्याच्या इमारतींतील सदनिकांत वाढणाऱ्या मांजराला शिकारीची संधीच मिळत नाही, त्यामुळे त्याची ऊर्जा पडद्यांवर, सोफ्यावर आणि रात्री घरच्या माणसांच्या पायांवर खर्च होते. याउलट गावातील घरांत मांजर अर्धे घरातले आणि अर्धे परसातले असते. तिथे दंयाळ, शिंजीर, सरडे, सापसुरळ्या हे सारे त्याच्या टप्प्यात येतात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर घोणस किंवा मण्यार यांच्याशीही त्याची गाठ पडू शकते. अशा मांजराला घरात खेळवण्याची काय गरज, असे अनेकांना वाटते. ब्रिटनमधील एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या शंकेचे उत्तर मिळते. बाहेर फिरणाऱ्या मांजरांशी मालकांनी रोज केवळ पाच ते दहा मिनिटे शिकारीसारखा खेळ खेळला, तेव्हा त्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीचे प्रमाण २५ टक्क्यांनी घटले. परसातील पक्षी वाचावेत आणि मांजरही सापाच्या वाटेला जाऊ नये, असे वाटणाऱ्या घराला एवढा वेळ काढणे जड जाऊ नये.

खेळवण्याची रीत

खेळण्यापेक्षा ते हलवणारा हात अधिक महत्त्वाचा असतो. बहुतेक जण पीस किंवा दोरी मांजराच्या तोंडापुढे नाचवतात आणि मांजर खेळत नाही अशी तक्रार करतात. मांजराला साधारण २५ ते ३० सेंटिमीटरच्या आतील वस्तू स्पष्ट दिसत नाही. शिवाय कोणतेही भक्ष्य आपण होऊन शिकाऱ्याच्या नाकापाशी येत नाही. म्हणून खेळणे नेहमी मांजरापासून दूर जाईल असे, किंवा त्याच्या समोरून आडवे सरकवावे. खुर्चीच्या पायामागे ते अर्धे दडवावे, क्षणभर पूर्ण स्थिर ठेवावे, मग किंचित थरथरवावे आणि एकाएकी पळवावे. मांजर अंग आखडून मागचा भाग डोलवू लागले की त्याची तयारी झाली असे समजावे आणि घाई न करता थांबावे. या थांबण्यातच खेळाची खरी रंगत असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जमिनीलगत सरपटणारे भक्ष्य आवडणारी मांजरे आणि हवेत उडणाऱ्या वस्तूवर झेपावणारी मांजरे वेगवेगळी असतात; दोन्ही प्रकार करून पाहिल्यावर आपल्या मांजराची आवड कळते. रंगाच्या बाबतीत एवढेच सांगता येईल की मांजराला निळा आणि पिवळसर रंग बरा कळतो, तर तांबडा मंद वाटतो. परंतु त्याचे डोळे मुख्यतः हालचाल टिपण्यासाठी घडलेले असल्याने रंगावरून खेळणे नाकारण्याचे कारण नाही.

मांजराने केलेल्या झडपांपैकी काही यशस्वी होऊ द्याव्यात, म्हणजे खेळणे त्याच्या पंज्यात येऊ द्यावे आणि काही क्षण तिथेच राहू द्यावे. शेवटच्या दोन मिनिटांत हालचाल मंदावत न्यावी, जणू भक्ष्य थकले आहे, आणि अखेरच्या पकडीनंतर लगेच खायला द्यावे. शिकार, खाणे, अंग चाटणे आणि झोप हा मांजराचा स्वाभाविक क्रम असल्याने रात्रीच्या जेवणाआधी असा खेळ झाला, तर पहाटे अंगावर उड्या मारून घर जागे करण्याची त्याची सवय पुष्कळ अंशी कमी होते. भुकेले मांजर अधिक जोमाने खेळते, हेही या वेळेच्या निवडीमागील एक कारण आहे. मात्र ओट्यावर बांगडे किंवा तारले साफ करण्याचे काम चालू असताना खेळ मांडू नये. त्या वासापुढे कोणत्याही खेळण्याचा टिकाव लागत नाही.

मांजर पहाटे आणि सायंकाळी सर्वाधिक चपळ असते. त्यामुळे या दोन वेळी पाच ते दहा मिनिटांचा एकेक डाव ठेवणे हे अर्ध्या तासाच्या एका लांब डावापेक्षा चांगले. एप्रिल-मे महिन्यांतील दमट दुपारी त्याला पळवू नये. तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागल्यास खेळ तत्काळ थांबवून त्याला थंड जागी बसवावे, आणि असे वारंवार होत असेल तर हृदयाची व फुप्फुसांची तपासणी करून घ्यावी.

लेझरच्या ठिपक्याचा खेळ सोपा आहे, परंतु त्यात हाती काहीच लागत नाही आणि त्यामुळे काही मांजरे चिडचिडी होतात. तो वापरायचाच असेल तर प्रकाश डोळ्यांवर पडू देऊ नये आणि शेवटी ठिपका एखाद्या खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊच्या तुकड्यावर नेऊन थांबवावा.

घरातल्या वस्तूंतून खेळणी

गोव्यातील घरात मांजराच्या खेळण्यांना लागणारा बराचसा माल आधीच असतो. नारळाच्या झावळीची हिरवी पात हीर काढून वापरल्यास ओढाओढीसाठी उत्तम असते. हीर ठेवू नये, कारण तिचे टोक डोळ्यात जाऊ शकते. करवंट्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत कराव्यात, दोन-तीन करवंट्या पालथ्या घालून त्यांपैकी एकीखाली काटे काढलेल्या उकडलेल्या माशाचा लहान तुकडा ठेवावा आणि शोधण्याचे काम मांजरावर सोपवावे. काथ्याचे सुंभ जाड लाकडी खांबाला घट्ट गुंडाळले की नखे घासण्याची सोय होते. हा खांब मांजराला पूर्ण ताठ होऊन ताण देता येईल एवढा उंच आणि मुळीच न डुगडुगणारा असावा. सुंभाचे धागे सुटू लागले आणि मांजर ते चघळू लागले, तर ते बदलावे.

वाणसामानाच्या दुकानातून आलेला पुठ्ठ्याचा खोका हे मला सर्वांत चांगले खेळणे वाटते. त्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढून टाकावी, दोन बाजूंना भोके पाडावीत आणि एका भोकातून चिंधीचे टोक आत-बाहेर करावे. नेदरलँड्समधील एका निवारागृहात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपण्यासाठी खोके मिळाले, ती इतरांपेक्षा लवकर स्थिरावली असे दिसून आले. नवे घर, नवे मांजर किंवा चवथीला पाहुण्यांनी भरलेले घर असेल, तेव्हा असा एक खोका शांत कोपऱ्यात ठेवावा.

खाऊ आत ठेवून तो बाहेर काढायला लावणारी कोड्यासारखी खेळणी घरात कोंडलेल्या आणि वजन वाढलेल्या मांजरासाठी उपयुक्त आहेत. गंमत अशी की वर उल्लेखिलेल्या एक्सेटरच्या अभ्यासात अशी खेळणी दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार घटण्याऐवजी ३३ टक्क्यांनी वाढली. त्यामुळे परसात फिरणाऱ्या मांजराला हा उपाय डोळे मिटून करू नये.

कॅटनिप या वनस्पतीतील नेपेटालॅक्टोन या द्रव्यामुळे अनेक मांजरे लोळू लागतात, परंतु ही प्रतिक्रिया आनुवंशिक असल्याने सर्वच मांजरांत ती आढळत नाही आणि तीन-चार महिन्यांखालील पिल्लांत तर बहुधा दिसतच नाही. तिचा अंमल दहा-पंधरा मिनिटांत उतरतो. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला उगवणाऱ्या खोकलीच्या मुळाचेही मांजरांना असेच आकर्षण असते. ते मूळ हुंगू द्यायला हरकत नाही. मात्र या वनस्पतीत विषारी घटक असल्याने ते चावून खाऊ देऊ नये.

धोक्याच्या वस्तू

या मार्गदर्शनातील एकच भाग कोणी वाचणार असेल तर तो हा असावा. मांजर आणि लोकरीचा गुंडा हे चित्र कितीही प्रिय असले, तरी दोरा हे मांजरासाठी सर्वांत घातक खेळणे आहे. मांजराच्या जिभेवरील काटे घशाच्या दिशेने वळलेले असल्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहज थुंकता येत नाही आणि ते तो गिळत जाते. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते, दुसरे पुढे सरकत राहते, आतडे त्यावर चुण्या पडून गोळा होते आणि अखेरीस चिरले जाते. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसल्यास तो कधीही ओढू नये. मांजराला आहे त्याच स्थितीत लगेच पशुवैद्याकडे न्यावे. काठीला बांधलेल्या दोरीच्या बाबतीतही हाच नियम आहे, म्हणजे खेळ संपल्यावर ती काठी कपाटात बंद झाली पाहिजे.

किनाऱ्यावरील गावांत याला आणखी एक पदर आहे. नायलॉनची तंगूस, जाळ्याचे तुकडे आणि आमिषाचा वास लागलेले गळ अंगणात पडलेले असतात, आणि मांजर त्यांकडे हमखास ओढले जाते. सणासुदीला मखराच्या झिरमिळ्या, नाताळात ताऱ्यावर लावलेल्या चमकत्या फिती, केसांची रबरे आणि शिवणाच्या सुया याच यादीत येतात. कच्च्या काजूबिया घरंगळतात म्हणून मांजराला आवडतात, पण त्यांच्या टरफलातील तेल कातडीला आणि तोंडाला भाजते. गुंजा तर विषारीच. पुष्पगुच्छातील लिलीची फुले, पाने आणि परागसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, त्यामुळे असा गुच्छ घरात आणूच नये.

पावसाळ्यातील काळजी

जून ते सप्टेंबर या काळात कापडी खेळण्यांना बुरशी धरायला वेळ लागत नाही. ती गरम पाण्यात सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवावीत, पूर्ण सुकवावीत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. पिसे ओली राहिल्यास सरळ टाकून द्यावीत. डब्यात किंवा कपाटात डांबराच्या गोळ्या मात्र ठेवू नयेत, कारण त्यांतील नॅफ्थलीन मांजराला विषारी आहे आणि जमिनीवर पडलेली गोळी नेमकी चेंडूसारखी घरंगळते.

सर्व खेळणी एकाच वेळी बाहेर काढून ठेवण्याची चूक या दिवसांत अधिक होते. ब्रिटनमधील साउथॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांच्या २००२ मधील प्रयोगात तेच खेळणे पुन्हापुन्हा दिल्यावर मांजरांचा उत्साह उतरत गेला, परंतु त्यानंतर लवकरच थोडे वेगळे खेळणे पुढे येताच ती पहिल्यापेक्षाही जोराने खेळली. म्हणजे मांजर थकलेले नसते, त्याला त्या वस्तूचा कंटाळा आलेला असतो. तीन-चार खेळणी बाहेर ठेवून बाकीची डब्यात ठेवावीत आणि दर आठवड्याला अदलाबदल करावी. एकाच डावात पिसाच्या जागी चिंधी बांधली तरी खेळ नव्याने रंगतो.

पिल्लू, अनेक मांजरे आणि म्हातारे मांजर

पिल्लाला आपल्या बोटांशी कधीही खेळू देऊ नये. दोन महिन्यांच्या वयात गोड वाटणारा चावा वर्षभरानंतर रक्त काढतो. पिल्लाने हात धरलाच तर हात झटकून ओढू नये, तो सैल सोडावा आणि खेळणे पुढे करून त्याचे लक्ष वळवावे. बाहेर फिरणाऱ्या किंवा लस न टोचलेल्या मांजराकडून ओरखडा वा चावा बसल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

घरात दोन किंवा अधिक मांजरे असल्यास दांडगा बोका सारा डाव बळकावतो आणि भित्री मांजरी लांबून पाहत राहते. अशा वेळी दोघांना वेगळ्या खोल्यांत वेगळा वेळ द्यावा.

दहा-बारा वर्षांच्या पुढील मांजराला उड्या मारायला लावू नये. ते पडल्या पडल्या पंजाने ओढू शकेल असे मऊ खेळणे जमिनीलगत सावकाश सरकवावे, घसरत्या फरशीवर चटई अंथरावी आणि डाव तीन-चार मिनिटांत संपवावा. आजवर आवडीने खेळणाऱ्या मांजराने, ते कोणत्याही वयाचे असो, खेळणे एकाएकी सोडले तर ते वयावर ढकलू नये; दातांचे दुखणे, सांध्यांचा त्रास किंवा ताप यांचे ते पहिले लक्षण असू शकते, आणि यासोबत खाणेही बंद झाले असेल तर चोवीस तासांच्या आत पशुवैद्याला दाखवावे.