पहिला बंब, पहिली दहा मिनिटं: कमांड घ्यायची कशी आणि शिकवायची कशी

आगीच्या वर्दीवर, म्हणजे कॉलवर, पहिल्या बंबातून जो उतरतो, मग तो सब ऑफिसर असो की तांडेल (जवानांचा म्होरक्या), वरिष्ठ येईपर्यंत तिथली कमांड त्याचीच. सगळ्यात महाग पडणारी चूकही इथेच होते: हा माणूस उतरताच स्वतः ब्रांच, म्हणजे होजचं पाणी सोडणारं तोंड, धरतो. ब्रांच हातात आली की डोळ्यांसमोर एकच खोली उरते. मागच्या खिडकीत अडकलेली माणसं आणि रिकामी होत चाललेली टाकी कोणाच्याच लक्षात राहत नाही.

निवासी इमारतीची आग धरून चालू. बंब लावताना दर्शनी बाजूची जागा शिडीच्या गाडीला सोडा. ती मागून येते आणि एकदा अडली की पुढचा बंब मागे काढणं गर्दीत जमत नाही. तांडेल होजची लाइन टाकेल, तोवर इमारतीच्या निदान तीन बाजू बघून घ्या. खेटून इमारती असतील तर शेजारच्या जिन्यावरून मागची बाजू बघा. खिडकीत कोण आहे, धूर कुठून येतोय, कुठे जोर धरतोय, भिंतीला तडे आहेत का, हे बघायचं. रखवालदाराला दोनच प्रश्न: त्या घरात आत्ता कोण असू शकतं, आणि गॅस सिलिंडरचा की पाइपचा?

मग नियंत्रण कक्षाला पहिला संदेश, वीस सेकंदांत: ‘सहा मजली निवासी इमारत. तिसऱ्या मजल्यावर एका फ्लॅटमधून दाट काळा धूर. चौथ्यावर खिडकीत दोन माणसं. जिन्यानं एक लाइन आत नेतोय. आणखी एक बंब आणि जंबो टँकर पाठवा. कमांड माझ्याकडे.’ ‘मोठी आग आहे, गाड्या पाठवा’ एवढंच ऐकून कक्षातल्या माणसाला काय पाठवायचं ते कळत नाही.

पाण्याचं गणित पाठ हवं. १६ मिमीचा नोझल ब्रांचवर चार किलो दाबाला मिनिटाला साधारण ३४० लिटर सोडतो. ४५०० लिटरची टाकी एका लाइनला तेरा मिनिटं पुरते, दोन लाइनना साडेसहा. म्हणून दुसरी लाइन उघडण्याआधी पुढचं पाणी कुठून येणार ते ठरलेलं असावं. उंच इमारतीत वेट रायझर, म्हणजे पंपावर चालणारा पाण्याचा उभा पाइप, असतो, पण इथे एक घोटाळा नेहमीचा: घाबरलेला रखवालदार सगळ्या इमारतीची वीज बंद करतो आणि फायर पंपाला वेगळी लाइन नसेल तर तोही थांबतो. फक्त आगीच्या मजल्याचा पुरवठा तोडायला सांगा. फायर लिफ्ट वापरली तरी आगीच्या दोन मजले खाली उतरा आणि होज आगीच्या खालच्या मजल्यावरच्या व्हॉल्व्हला जोडा.

आता हवेचा हिशेब, कारण जवान यातच सापडतात. बीए सेटच्या, म्हणजे पाठीवरच्या श्वसनयंत्राच्या, ६.८ लिटरच्या बाटलीत ३०० बार दाबाला जवळपास २०४० लिटर हवा मावते. बाटली २८० बारला असेल तर हवा संपत आल्याची शिट्टी वाजेपर्यंत, म्हणजे ५० बारपर्यंत, १५६४ लिटर मिळते. मिनिटाला ४० लिटर धरले तर ३९ मिनिटं. पण जिना चढून होज ओढणारा सहज ६० लिटर घेतो, मग २६ मिनिटंच उरतात. शिट्टी ही परत फिरण्याची खूण नव्हे. शिट्टी वाजेपर्यंत माणूस बाहेर आलेला हवा. आत पोहोचेपर्यंत ६० बार गेले असतील तर परतीचे ६० आणि राखीव ५० मिळून ११० होतात. धुरात परतायला वेळ लागतो म्हणून १२० ला फिरायचं. जोडीत ज्याचा गेज (दाबमापक) कमी, त्याच्या आकड्यावर दोघंही बाहेर. दाराशी एका माणसाकडे पाटी द्या: नाव, दाब, आत गेल्याची वेळ, शिट्टीची अंदाजी वेळ, जागा. त्याला दुसरं कोणतंही काम देऊ नका. बीए सेट चढवलेली एक राखीव जोडीही तिथेच उभी ठेवा.

जुन्या लाकडी तुळयांच्या इमारतीत आणखी एक हिशेब लागतो. पाणी वाहून गेलं नाही तर एक लाइन दहा मिनिटांत मजल्यावर ३.४ टन ओझं चढवते. ९ मे २०१५ ला काळबादेवीत गोकुळ निवास आग विझवताना कोसळली; मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यांत दलाचे प्रमुखही होते. माघारीचा इशारा एकच आणि आधी ठरलेला हवा. तो मिळाला की होज तिथेच टाकून बाहेर यायचं आणि लगेच डोकी मोजायची.

हे सगळं वर्गात बसून येत नाही. १४ एप्रिलची, अग्निशमन सेवा दिनाची परेड देखणी असते, पण तिथला कार्यक्रम आधीच पाठ झालेला असतो. सराव वेगळा लागतो.

आपल्या हद्दीतल्या एखाद्या इमारतीचा फोटो अधिकाऱ्याला तीस सेकंद दाखवा आणि वॉकीटॉकीवर पहिला संदेश द्यायला लावा. दुसऱ्या खोलीत बसलेल्यानं तो ऐकून कागदावर चित्र काढायचं. चित्र आणि फोटो शेजारी ठेवले की संदेशात काय राहिलं ते बोलणाऱ्यालाच दिसतं.

ड्रिलमध्ये अधिकाऱ्याच्या हातात पाटी द्या. त्यानं होजला हात लावला की ड्रिल थांबवायचं आणि पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात हे चिडचिडीचं होतं, ते होऊ द्या.

बीए सेट घालून जिना चढताना दर पाच मिनिटांनी गेज लिहून घ्या. कोणी बारा मिनिटांत २८० वरून १९० वर आला तर ९० गुणिले ६.८ म्हणजे ६१२ लिटर. बाराने भागून मिनिटाला ५१. प्रत्येकाचा आकडा भिंतीवर लावा. पाटीवाल्यानं ४० ऐवजी तोच धरायचा.

कमांड सोपवणं समोरासमोर, एका मिनिटात: आग कुठे, आत कोण आणि कधीपासून, पाणी किती, काय मागवलंय, धोका काय. मध्येच प्रशिक्षकानं टाकावं, ‘शिट्टी वाजली, एकाचं उत्तर येत नाही.’ वॉकीटॉकीवर पाच जण एकदम बोलायला लागले, तर ‘आणीबाणी सोडून सगळे गप्प’ हा आदेश अजून अंगवळणी पडलेला नाही.

चर्चा होज वाळत घालतानाच करा. आधी सगळ्यात नवा फायरमन बोलेल, मग तांडेल, अधिकारी शेवटी. क्रम उलटा केला तर खालचे सगळे ‘साहेब म्हणतात तसंच’ म्हणून मोकळे होतात.