जुन्या गाडीचा रंग : शेड नंतर, चमक आधी

जुनी गाडी रंगवायला काढली की येणारा-जाणारा एकच विचारतो, ‘कलर कोणता देणार?’ मामाची १९६९ ची फियाट मी उघडली तेव्हा मीही शेडकार्ड घेऊनच बसलो होतो. पेंटर म्हणाला, ‘एकदम शोरूमसारखी करून देतो.’ पण कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली त्या काळातली फियाट आजच्या शोरूममधल्या गाडीसारखी चकाकत नव्हतीच. तिच्या रंगावर क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक चमकत्या लेपाचा, थर नसायचा. क्लिअर कोट सर्रास दिसू लागला तो ऐंशीच्या दशकात. म्हणून शेडकार्ड बाजूला ठेवा आणि आधी रंगाचा प्रकार आणि त्याची चमक ठरवा.

आत्ता गाडीवर काय आहे ते बघा

पांढऱ्या चिंधीवर थोडं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं द्रावण, घ्या आणि डिकीतल्या मॅटखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी घासा. रंग चिंधीवर उतरला तर ती एनसी लॅकर, म्हणजे आपले पेंटर ज्याला ‘ड्युको’ म्हणतात ते. (ड्युको हे मुळात ड्यूपाँटच्या रंगाचं नाव. १९२० च्या दशकात तो आला आणि गाड्या दिवसांऐवजी तासांत वाळू लागल्या. आपल्याकडे कपाटावरच्या स्प्रेलाही ड्युकोच म्हणतात.) रंग मऊ पडून सुरकुतला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर भट्टीत भाजलेला इनॅमल किंवा पीयू (पॉलियुरेथेन).

त्याच वेळी मूळ शेडही शोधून ठेवा. ती स्टेपनीखाली, डॅशबोर्डमागे, दाराच्या रबराखाली सापडते. सापडलेल्या तुकड्यावर आधी रबिंग कंपाउंड फिरवा, कारण वरची पापुद्र्यासारखी फिकट पूड हीच मूळ शेड समजून कितीतरी गाड्या चुकीच्या रंगल्या आहेत. आमची फियाट बाहेरून पांढरट दिसायची. स्टेपनीखाली घासल्यावर निळसर करडी निघाली.

गाडी काय करणार आहे?

स्पर्धेत उभी राहणार, की रविवारी लोणावळ्याला जाणार? पर्याय यावरच ठरतो.

एनसी लॅकरची चमक खोल आणि मऊ असते, जुन्या गाडीला ती शोभते. पण ती स्प्रे गनमधून निघाल्या निघाल्या मिळत नाही. आठ-दहा पातळ हात मारायचे, मग वॉटर पेपर (पाण्यासोबत घासायचा बारीक पॉलिश पेपर) आणि मग कंपाउंड, असं करत ती काढावी लागते. पेट्रोलचा थेंब सांडला तर डाग पडतो. थिनर आठवडेच्या आठवडे उडत राहतं, तसा थर बसत जातो आणि खालचे पेपरचे ओरखडे वर दिसू लागतात. फायदा एकच, पण मोठा : ओरखडा पडला तर नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो.

सिंथेटिक इनॅमल स्वस्त पडतं. ट्रकला ते ठीक आहे. तासन्‌तास ओलं राहतं, धूळ-चिलटं चिकटतात आणि उन्हात चमक लवकर जाते. अगदीच हात आखडता असेल तरच घ्या.

हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) घालून मारायचा एकथरी, म्हणजे वर क्लिअर कोट नसलेला, पीयू, म्हणजेच टू-के, मी बहुतेकांना सुचवतो. दोन-तीन हात पुरतात, पेट्रोलला दाद देत नाही, पावसात टिकतो. तक्रार अशी की तो फार चकाकतो, काचेच्या बरणीत ठेवल्यासारखा. त्यावर उपाय आहे : पूर्ण कडक झाल्यावर २००० नंबरचा, म्हणजे अगदी बारीक, वॉटर पेपर हलक्या हाताने फिरवायचा, कंपाउंड मारायचं आणि शेवटचं आरशासारखं पॉलिश सोडून द्यायचं. मामाच्या गाडीला आम्ही हेच केलं.

बेस कोट आणि वर क्लिअर ही जोडी मेटॅलिक शेडसाठी आहे. साध्या शेडच्या जुन्या फियाटला ती कशाला?

खालच्या थराशी भांडण नको

इथे मी स्वतः आपटलो आहे. वेळ वाचवायला डिकीच्या झाकणावर जुन्या एनसीवरच थेट पीयू मारून घेतला. वीस मिनिटांत, दुधावर साय धरावी तशा सुरकुत्या आल्या. हार्डनरवाल्या रंगातलं थिनर जुनी लॅकर उचलतं. इनॅमलवर एनसी मारली तरी हीच गत होते. जुना थर पत्र्यापर्यंत काढा, गंज साफ करा, एपॉक्सी प्राइमर (रंगाखालचं अस्तर) मारा आणि मग लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरा. सगळा रंग काढणं परवडत नसेल तर एपॉक्सीने जुना थर नीट झाकून आधी एका कोपऱ्यात प्रयोग करा.

नमुना मारून बघा

नमुना कागदावर किंवा सपाट पत्र्यावर नको. चमक कळते ती वळणावर, म्हणून भंगारातला मडगार्डचा तुकडा आणा. एकाच शेडचे दोन तुकडे करा, एक पूर्ण चमकता आणि एक पेपर फिरवलेला. सकाळच्या कोवळ्या उन्हात, दुपारी सावलीत आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघा. शक्यतो घरातल्या ज्येष्ठांना दाखवा. मामीने दुसऱ्या तुकड्याकडे बोट दाखवलं आणि आमचा वाद तिथेच संपला.

सगळी गाडी एकाच चमकेची नसते, हेही लक्षात ठेवा. बॉनेटखालचा पत्रा बॉडीच्याच रंगाचा, पण न घासलेला. खालचा भाग मंद काळा, ज्याला सॅटिन म्हणतात तो. चाकांच्या रिमना साधी चंदेरी, तीही जरा मवाळ. बॉनेट उघडल्यावर आतही आरसा दिसला की जाणकार ओळखतो : नव्याने केलेली आहे.

कधी मारायचा

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर गनला हात लावू नका. थिनर उडताना पत्रा थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लॅकर पांढुरकी पडते. रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणाऱ्या, थिनरने थोडं सावरता येतं, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव उडाल्यानंतरची सकाळ, यासारखी वेळ नाही.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे रसायन असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून फवारणारे पेंटर अजून दिसतात, त्यांना थांबवा. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि हवा खेळती असलेलं बूथ असेल तिथेच हे काम द्या.

राहिला कागद. आरसी बुकात रंगाची नोंद असते, शेड बदलली तर आरटीओत बदलून घ्यावी लागते. पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. आमची निळसर करडी जुन्या आरसीत नुसती ‘ग्रे’ म्हणून नोंदलेली होती, त्यामुळे ती फेरी वाचली. उरलेला रंग काचेच्या बाटलीत भरून, वर मिश्रणाचं प्रमाण लिहून ठेवला आहे. नवीन रंगाला महिनाभर मेण लावायचं नव्हतं आणि प्लास्टिकचं कव्हरही घालायचं नव्हतं. मामाने ते पाळलं, पण रोज सकाळी फडका घेऊन उभा असायचाच.