इंटिग्रेशन टेस्ट खऱ्या डेटाबेसवर कशा उभाराव्यात

युनिट टेस्टमध्ये एकेक फंक्शन सुटे तपासले जाते. इंटिग्रेशन टेस्टमध्ये ॲप्लिकेशन, डेटाबेस आणि बाहेरच्या सेवा जिथे एकमेकांना भेटतात ती जागा तपासायची असते. उदाहरणादाखल बोरिवली ते चर्चगेट मासिक पासची नोंद ठेवणारी एक सेवा घेऊ. प्रत्यक्ष वापरात तिचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल, तर टेस्टही पोस्टग्रेसवरच चालवाव्यात. हलका म्हणून एसक्यूलाइट हा दुसरा डेटाबेस वापरण्याचा मोह होतो. परंतु एसक्यूलाइट व्हारकार (कमाल लांबी ठरवलेल्या मजकुराच्या) रकान्याची लांबी पाळत नाही आणि फॉरेन कीची (एका टेबलातील नोंद दुसऱ्या टेबलाशी जोडणाऱ्या रकान्याची) तपासणी सहसा मुद्दाम सुरू करावी लागते, त्यामुळे तिथल्या यशावर विसंबता येत नाही.

टेस्टसाठीचा डेटाबेस डॉकर कंपोजने, म्हणजे कंटेनर नावाच्या सुट्या वातावरणांत प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनाने, उभारावा. त्याच्या फाइलमध्ये पोस्टग्रेसची नेमकी आवृत्ती लिहावी, ‘लेटेस्ट’ लिहू नये. कंटेनर सुरू झाला म्हणजे डेटाबेस तयार झाला असे नसते. एक कंटेनर दुसऱ्यावर अवलंबून आहे हे सांगणारे नुसते ‘डिपेंड्स ऑन’ लिहिल्यास कंपोज फक्त कंटेनर सुरू होण्याची वाट पाहतो. म्हणून हेल्थचेक (डेटाबेस तयार आहे का याची तपासणी) लावावा आणि तो यशस्वी झाल्यावरच टेस्ट सुरू कराव्यात. ठरावीक सेकंद थांबण्याची आज्ञा मात्र टाळावी, कारण तोच वेळ एखाद्या संथ मशीनवर अपुरा पडतो. टेबले तयार करताना प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरात) चालणाऱ्याच मायग्रेशन फाइल, म्हणजे टेबलांची रचना घडवणाऱ्या फाइल, चालवाव्यात, म्हणजे त्यांचीही तपासणी होते.

प्रत्येक टेस्टने आपला डेटा आपणच भरावा. टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र मानल्या जाणाऱ्या बदलांच्या गटात) चालवून शेवटी रोलबॅक करणे, म्हणजे ते बदल रद्द करणे, वेगवान असते. पण ॲप्लिकेशन वेगळ्या प्रोसेसमध्ये स्वतःच्या कनेक्शनवरून कमिट करत (बदल कायम करत) असेल, तर त्या रोलबॅकचा उपयोग नाही, तिथे टेबले रिकामीच करावी लागतात. शिवाय पोस्टग्रेसमध्ये सीक्वेन्सचा, म्हणजे आपोआप क्रमांक देणाऱ्या गणकाचा, आकडा रोलबॅकने मागे येत नाही. त्यामुळे ‘नव्या पासचा क्रमांक १ असेल’ अशी अपेक्षा टेस्टमध्ये कधीही लिहू नये.

तारखांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे. मुंबईतील प्रवाशाने १ जुलैला रात्री साडेबारा वाजता ऑनलाइन पास काढला, तर त्या क्षणी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार ३० जूनचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. ही वेळ टाइमझोनसह साठवून क्वेरीत तिची तारीख काढली आणि सेशनचा (डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीचा) टाइमझोन यूटीसी असला, तर पास एक दिवस आधीच सुरू झाल्याची नोंद होते आणि प्रवाशाचा एक दिवस बुडतो. कोड वाचून हा दोष सहज लक्षात येत नाही. म्हणून सेवेला घड्याळाची वेळ बाहेरून द्यावी, हाच क्षण तिच्याकडे सोपवावा आणि डेटाबेसमधून परत वाचलेली तारीख १ जुलैच आहे, हे पडताळावे.

पेमेंट गेटवेसारख्या परक्या सेवेऐवजी एचटीटीपीवर उत्तर देणारा छोटा बनावट सर्व्हर ठेवावा. त्याने यशाबरोबरच उशिरा येणारे उत्तर आणि एकाच व्यवहाराची दोनदा आलेली सूचनाही द्यावी, कारण पैसे कापले जाऊन पास न मिळण्याचे प्रसंग याच ठिकाणी उद्भवतात.

युनिट टेस्ट प्रत्येक बदलानंतर चालवाव्यात. इंटिग्रेशन टेस्ट वेगळ्या खुणेने निवडून कोड मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य प्रतीत) घेण्यापूर्वी सीआयवर, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, चालवाव्यात. त्यांचा क्रम अधूनमधून बदलावा. क्रम बदलताच एखादी टेस्ट कोसळली, तर ती आधीच्या टेस्टने मागे ठेवलेल्या डेटावर अवलंबून असण्याची शक्यता सर्वप्रथम तपासावी, आणि ती पुन्हा चालवून हिरवी (यशस्वी) झाली म्हणून सोडून देऊ नये.