कसाऱ्याचा सराव आणि लेहचा रस्ता: या चुका टाळा

नाशिकच्या चालकाला घाटाचे भय सहसा नसते. कसारा महिन्यातून दोनदा होतो, सप्तशृंगगडाची वळणे तर घरातल्या मुलांनाही पाठ असतात. त्यामुळे मनाली-लेह म्हणजे हेच प्रकरण थोडे लांबवलेले, असे धरून अनेक जण गाडी काढतात आणि पुढच्या बहुतेक चुका या समजातूनच होतात.

सर्वांत महागात पडते ती मुक्कामाची चूक. आग्रा महामार्गाच्या सवयीने केलेल्या वेळापत्रकात किलोमीटर असतात, उंचीचा रकानाच नसतो. नाशिक सुमारे 600 मीटरवर आहे आणि आपले कळसूबाई 1,646 मीटरवर. मनालीच त्याहून उंच आहे. तेथून निघून पहिल्याच रात्री सरचूला, म्हणजे जवळजवळ 4,300 मीटरवर, तंबूत झोपण्याचा बेत कागदावर सोयीचा दिसतो, पण तेथे रात्री त्रास झाला तर मनालीकडे परतण्यासाठी आधी 4,900 मीटरच्या आसपासची बारालाचा खिंड चढावी लागते. उतरायचे म्हणून चढायचे, अशी ती कोंडी आहे. त्यामुळे पहिली रात्र खिंडीच्या अलीकडे, कमी उंचीवरच्या केलाँग किंवा जिस्पाला काढावी आणि जमल्यास तेथे आणखी एक दिवस थांबावे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे यांचे खापर प्रवासाच्या शिणावर फोडू नये. लक्षणे असेपर्यंत वर जाऊ नये, आणि चालताना तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर तातडीने कमी उंचीवर जाऊन उपचार घ्यावेत. उंचीच्या त्रासावरील गोळ्या घ्यायच्या की नाही, हे नाशिक सोडण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. हवेचा दाब किती उतरला, हे डिकीतली चिवड्याची पाकिटे उशीसारखी फुगून सांगतातच.

उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवणे ही दुसरी चूक. ज्या गिअरमध्ये चढ चढलो असतो, त्याच गिअरमध्ये उतरावे. तरीही जळका वास आला किंवा पेडल नरम लागू लागले, तर सुरक्षित जागी गाडी लावून चाकांना दगड द्यावेत आणि अर्धा तास निवांत थांबावे. माझ्या सोबत्याने अशा वेळी मदत म्हणून बाटलीतले पाणी तापलेल्या डिस्कवर ओतायला घेतले होते. त्याने डिस्क वाकू शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो.

बर्फ वितळू लागले की रस्त्यावरून वाहणाऱ्या ओढ्यांचे पाणी दुपारनंतर चढते, म्हणून ते सकाळीच ओलांडावेत. केलाँगच्या अलीकडे टांडी गावात असलेल्या पेट्रोल पंपावर टाकी पूर्ण भरावी. पुढे कोठे तरी मिळेल, या भरवशावर निघू नये.

अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. आपल्याकडे हा नियम सर्रास मोडला जातो, तेथे तो मोडला तर दोन्ही बाजूंचे ट्रक अडकून पडतात. छायाचित्रासाठी कुरणात गाडी घालणे तर निव्वळ आडदांडपणा आहे, कारण त्या थंड, कोरड्या मातीत चाकाखाली गेलेले गवत पुन्हा उगवायला कित्येक वर्षे लागतात. आणि ती फुगलेली पाकिटे रिकामी झाल्यावर तंबूमागे न टाकता एका गोणीत भरून मनालीला किंवा लेहला आणावीत.